नाताळचा वानवळा

(कुटुंबात, मंडळीत व शब्बाथशाळेत वाचण्यासाठी पाठ)

वाचन : नहेम्या ५:१-१३ व ८:१-१८, अनुवाद १६:९-१७, योहान २:१-११, १ करिंथ ११:१७-२२.

रानात ज्वारी पोटऱ्यात आली, हरभरा फुलावर आला, आणि सकाळच्या थंडीत शेकोट्या पेटू लागल्या म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस नाताळची चाहूल लागते. घराच्या भिंती सारविल्या जातात, दारावर कागदाची चांदणी चढते, करंज्या, शंकरपाळे व चकल्या यांचे डबे भरू लागतात, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. अशा वेळी दर वर्षी उपदेशक बंधूंच्या कानी दोन प्रकारची बोलणी येतात. एक पक्ष म्हणतो, "प्रभूच्या जन्माचा दिवस प्रार्थनेचा, जेवणावळी, गाणीबजावणी व पाहुणचार हे जगाचे चाळे होत." दुसरा म्हणतो, "वर्षाचा एक दिवस, आज कोणी कशाचा हिशेब मागू नये." पहिल्या पक्षाच्या घरी मुले सणाला कंटाळतात, दुसऱ्याच्या घरी सण संपल्यावर बायको रडते.

या दोन्ही पक्षांस शास्त्राचे उत्तर काय आहे, ते या पाठात पाहावयाचे आहे. आमच्या मते ते उत्तर आपल्याच भाषेतील एका शब्दात सामावलेले आहे. तो शब्द वानवळा होय. शेतात नवे पीक हाती आले, किंवा घरात काही गोडधोड झाले, म्हणजे त्यातला थोडा भाग शेजारीपाजारी व सोयऱ्याधायऱ्यांकडे पाठवावयाचा, यास आपले वाडवडील वानवळा म्हणत आले. शास्त्र सणाचा आनंद वर्ज्य करीत नाही, आणि तो मोकाटही सोडीत नाही. ज्या आनंदातून वानवळा निघतो तो आनंद खरा, हीच त्याची कसोटी आहे.

१. आधी कर्जमुक्ती, मग सण

नहेम्याच्या आठव्या अध्यायातील प्रसंग नीट ध्यानात आणा. ख्रिस्तापूर्वी सुमारे ४४५ या वर्षी नहेम्या यरुशलेमेस आला. पडलेला तट लोकांनी ५२ दिवसांत उभा केला. सहाव्या महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस काम पुरे झाले, आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे पाचसहा दिवसांतच, सर्व लोक पाणवेशीसमोरच्या चौकात जमले, असे अध्यायांच्या क्रमावरून दिसते. एज्राने पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखविले. लेव्यांनी त्याचा अर्थ उकलून सांगितला. ऐकता ऐकता लोकांस रडू कोसळले. तेव्हा पुढाऱ्यांनी त्यांचे सांत्वन कसे केले? उपास करा, असे त्यांनी सांगितले नाही. घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी चूल पेटलेली नाही त्यांना वाटे पाठवा, अशा अर्थाची त्यांची आज्ञा होती. म्हणजे जेवण्याची आज्ञा व वाटा पाठविण्याची आज्ञा या दोन निरनिराळ्या नाहीत. एकाच वाक्याची ती दोन अंगे आहेत.

हाच दिवस यहूदी लोकांच्या नव्या वर्षाचा आरंभ म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी भाषिक बेने इस्राएल लोक त्याला नव्याचा सण असे साधे मराठी नाव देत. एस्तेरच्या पुस्तकात सांगितलेला पुरीमचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून त्याला ते होळीचा सण म्हणत. त्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातही हीच रीत आहे : एकमेकांस खाण्याचे वाटे पाठवावे व गरिबांस देणग्या द्याव्या. परदेशाहून आलेला वाटणारा हा शास्त्राचा सण आपल्या वानवळ्याच्या किती जवळचा आहे, हे यावरून दिसून येईल.

परंतु आठव्या अध्यायाच्या आधी पाचवा अध्याय आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. तट बांधण्याचे काम चालू असता गरीब लोक आक्रोश करीत आले. धान्यासाठी त्यांची शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते. मुलेमुली गुलामीत जात होती. आणि सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद. नहेम्याने सभा बोलाविली, धनकोंस समोरासमोर दोष दिला, आणि शेते, घरे व शेकडा एकप्रमाणे घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्यांच्याकडून वाहविली. त्यानंतर आठव्या अध्यायातील मेजवानी आली. ज्याने भावाचे शेत दाबून ठेविले आहे त्याने त्याच भावाला लाडू पाठविला तर तो वानवळा नव्हे, हे सांगण्यास निराळ्या टीकेची गरज नाही.

२. सणाच्या ताटावर कोण?

आता अनुवादाचा सोळावा अध्याय घ्या. सप्ताहांचा सण व मांडवांचा सण यांविषयी बोलताना तेथे आनंद करणाऱ्यांची एक यादीच दिली आहे : घरधनी, त्याचा मुलगा, मुलगी, चाकर, चाकरीण, गावातला लेवी, उपरी, पोरका व विधवा. हे दोन्ही सण शेतीच्या हंगामाचे होते. कोठार भरले म्हणजे मनुष्यास माझे हे शब्द सुचतात; शास्त्र त्याच वेळी त्याच्या ताटाभोवती आठ माणसे आणून बसविते.

या यादीत पत्नीचे निराळे नाव नाही. घरधन्यास उद्देशून बोलताच घरधनीणही त्यात आली, असे पुष्कळ टीकाकार मानितात. शास्त्राच्या दृष्टीने ती आली. आमच्या घरांच्या दृष्टीने ती आली आहे काय? नाताळच्या दिवशी पुरुष उपासना आटोपून ओसरीवर बसतात, पाहुण्यांशी गप्पा मारतात, मुले खेळतात, आणि स्त्री पहाटेपासून चुलीजवळ राबत असते. तिला उपासनेचा अर्धा भाग मिळतो, जेवण सर्वांच्या शेवटी मिळते, आणि उरलेसुरले मिळते. दुसऱ्या दिवशी भांडीही तीच घासते. तिच्यासाठी नाताळ म्हणजे दुप्पट कामाचा दिवस ठरला, तर आपण आनंद केला नाही, तिचा आनंद खाल्ला, असेच म्हणावे लागेल. म्हणून पहिला वानवळा उंबऱ्याच्या बाहेर पाठविण्याचा नाही, उंबऱ्याच्या आत द्यावयाचा आहे. पुरुषांनी पाणी भरावे, मुलग्यांनी पत्रावळी उचलाव्या, आणि एका पंगतीस घरातील स्त्रियांस बसवून पुरुषांनी वाढावे. यात कोणाचा मान जात नाही. ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या वाढदिवशी तर मुळीच जात नाही.

यादीतील शेवटची तीन नावे, उपरी, पोरका व विधवा, ही अशी आहेत की त्यांच्याकडून उलट आमंत्रण येण्याचा संभव नाही. प्रभूने लूक १४:१२-१४ येथे हेच शिकविले. परतफेड करू शकणाऱ्यांस बोलाविणे हा व्यवहार आहे, आणि तो वाईट नाही. परंतु सण तेवढ्यावर संपू नये. मंडळीचे प्रीतिभोजन याच कामासाठी आहे. करिंथ येथील मंडळीत एकत्र जेवण असे, तरी पोटभर असणारे आधी जेवून घेत व कष्टकरी भाऊ उशिरा येऊन उपाशी राहत, हे पाहून पौलाने त्यांस किती कडक लिहिले! त्याचा रोख जेवणावर नव्हता. काहींस खाली मान घालावयास लावणाऱ्या जेवणावर होता. आमच्या प्रीतिभोजनात शहरातून आलेल्या नोकरदार कुटुंबांची एक बैठक व मोलकऱ्यांची दुसरी बैठक, किंवा पूर्वीच्या जातीप्रमाणे आपोआप पडलेल्या निराळ्या पंगती, असे काही दिसते काय, हे प्रत्येक मंडळीने स्वतःच पाहावे.

३. ऐपतीप्रमाणे

त्याच सोळाव्या अध्यायाच्या शेवटी देण्याचे प्रमाण सांगितले आहे. परमेश्वरासमोर कोणी रिकाम्या हाताने येऊ नये. परंतु प्रत्येकाने आणावयाचे ते देवाने त्याला जेवढे दिले आहे त्याच्या मानाने आणावे. सणासाठी ऋण काढण्याची आज्ञा शास्त्रात कोठेही नाही.

येथे गरिबांवर एक अन्याय होतो, त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमिला. रयत लग्नकार्यात व सणावारी पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, असे तेव्हा साहेबलोक व सावकार दोघेही म्हणत. आयोगाने मात्र असा निष्कर्ष काढिला की, या खर्चास अवास्तव महत्त्व दिले गेले आहे; धान्य, बी, बैल व सरकारी सारा यांसाठी वारंवार घ्याव्या लागणाऱ्या लहान लहान रकमांनीच कर्जाचा डोंगर अधिक वाढतो. म्हणून एखाद्या गरीब भावाने मुलांस नवे कपडे घेतले तर त्याला उधळ्या म्हणण्याची घाई आपण करू नये. त्याच्या दारिद्र्याची मुळे पुष्कळदा त्याच्या ताटाच्या फार दूर असतात.

तथापि ज्याचा घडा आधीच काठोकाठ भरला आहे, त्यात सणाचे एक भांडे ओतले तरी तो सांडणारच. उसने आणून केलेली मेजवानी एका दिवसाची, आणि तिचे व्याज पुढच्या नाताळपर्यंत चालते. यासाठी आमची सूचना अशी की, मंडळीतील चारपाच घरांनी मिळून तळणाचे साहित्य एकदम आणावे व फराळ एकत्र करावा. तेलतूप वाचते व गप्पाही होतात. प्रीतिभोजनासाठी सुगीच्या दिवसांपासून दर घरामागे शेरभर धान्य बाजूला काढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ज्या घराला या वर्षी काही देणे जमणार नाही, त्याला पंगतीत तेवढ्याच मानाने बसविले जावे. ऐपतीप्रमाणे या शब्दाचा अर्थ, ज्याची ऐपत शून्य त्याचे शून्यही देवाला मान्य, असाही होतो.

एक गोष्ट आणखी. २५ डिसेंबर ही तारीख शास्त्रात नाही. रोम शहरात ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात ती ख्रिस्तजन्माची म्हणून आढळते. आपला नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ जन्म एवढाच आहे. मंडळीने हा सण आज्ञा म्हणून स्वीकारिला नाही, आनंदाने व मोकळ्या मनाने स्वीकारिला. जी गोष्ट आज्ञा नव्हे तिच्यासाठी कोणी घर गहाण टाकू नये.

४. गाणे, बजावणे व खेळ

करमणुकीविषयीही प्रश्न येतात. उडाऊ पुत्राच्या दाखल्यात वडील भाऊ शेतातून घरी आला तेव्हा त्याच्या कानी वाद्यांचा व नाचण्याचा आवाज पडला. प्रभूने त्या घरात वाद्ये वाजविली, याचा संकोच केला नाही. आणि दाखल्याचा शेवट आनंदाच्या आत होत नाही, दाराबाहेर होतो. रुसलेल्या मुलाची समजूत घालण्यास बाप मेजवानी सोडून बाहेर आला आहे. जो आनंद रुसलेल्यासाठी दारापर्यंत जातो, तो पवित्र आनंद होय.

करमणुकीस भिणाऱ्या बंधूंस एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली प्युरिटन लोकांनी नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. शास्त्रात त्या दिवसाची आज्ञा नाही, हे एक कारण. आणि त्या काळी नाताळच्या नावाखाली मद्यपान व धिंगाणा फार चाले, हे दुसरे. तो कायदा १६८१ साली रद्द झाला, तरी नाताळची सरकारी सुटी तेथे १८५६ मध्ये सुरू झाली. ज्या अमेरिकन मिशनरी मंडळाची स्थापना त्याच प्रांतात १८१० साली झाली, ज्याचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले व १८३१ साली अहमदनगरास आले, ते याच परंपरेत वाढलेले होते. आज त्यांच्याच श्रमांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत नाताळचे भजन रात्र रात्र रंगते. प्युरिटनांनी धिंगाण्यास दोष दिला ते योग्यच होते. परंतु धिंगाण्याबरोबर गाणेही बंद केले, तेव्हा मुलांच्या वाट्याचा आनंदही गेला.

आपल्या प्रांतात त्याहून चांगला मार्ग निघाला. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात कीर्तनाची देशी पद्धत ख्रिस्ती सभांत आणिली. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंगांची व भजनांची मोठी देणगी मंडळीस दिली. टाळ, मृदंग व वीणा ही वाद्ये, आणि आपल्या आयांनी जात्यावर गाइलेले छंद हेच प्रभूच्या स्तुतीस लागले. ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ नावाच्या लहानशा गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी, आज जगभर गाइले जाणारे शांत रात्रीचे गीत पहिल्यांदा म्हटले गेले, तेव्हा साथीला फक्त एक गिटार होती. लहान गावाची करमणूक लहान साधनांनी होते, व तीच पुष्कळदा टिकते.

मग कोणती करमणूक योग्य? आम्ही तीन प्रश्न सुचवितो. पहिला, आजीपासून नातवापर्यंत सर्वांस एकत्र बसून ती पाहता येते काय? दुसरा, तीत कोणाच्या जातीची, व्यंगाची, रंगाची किंवा गरिबीची थट्टा होते काय? तिसरा, शेजाऱ्यास तिचा त्रास होतो काय? ध्वनिवर्धकांविषयी २००० साली झालेल्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ते लावण्यास सामान्यतः मनाई आहे. पण कायदा नसता तरी, शेजारच्या घरात आजारी म्हातारा किंवा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असेल, एवढा विचार आपल्यास पुरेसा आहे. शब्बाथशाळेतील मुलांचे जन्मकथेचे नाटक, लेझीम, भजनाची फेरी, कीर्तन, विटीदांडू व दोरीउड्या, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या मंडळीच्या जुन्या गोष्टी, या सर्वांस तिन्ही प्रश्नांचे उत्तर सहज देता येते.

५. काना गावचे लग्न

काना येथील लग्नात द्राक्षारस संपला, ही गोष्ट ज्याने खेड्यात लग्न काढिले आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही. पंगत बसली असता वाढप संपणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. त्या घराची चर्चा वर्षानुवर्षे झाली असती. येशूने सहा दगडी रांजण भरविले. आजच्या मापाने त्या सर्वांत मिळून सुमारे पावणेपाचशे ते सातशे लिटर पाणी मावत असावे. हा चमत्कार किती भरपूर होता याकडे आपले लक्ष जाते. तो किती गुपचूप झाला याकडे जात नाही. भोजनकारभाऱ्यास काही कळले नाही. त्याने नवऱ्या मुलाचीच वाहवा केली. खरे काय ते पाणी काढणाऱ्या चाकरांस ठाऊक होते. प्रभूने त्या घराची उणीव भरून काढिली आणि श्रेयही त्याच घराला दिले.

या गोष्टीचा आधार घेऊन दारूचे समर्थन करणारे कोठे कोठे भेटतात. त्यांस एवढेच विचारावे : कानातील चमत्काराने एका घराची लाज झाकली, आमच्या गावातील दारू कोणाची लाज झाकते? ती मुलांच्या दुधाचे पैसे नेते, आणि घराची अब्रू चव्हाट्यावर आणिते. कानाचा कित्ता गिरवावयाचा असेल तर मार्ग निराळा आहे. ज्याच्या घरी या नाताळास तेल नाही, साखर नाही, त्याच्याकडे संध्याकाळी अंधार पडल्यावर पिशवी पोहोचावी. फोटो काढू नये, मंडळीत नाव वाचू नये. घेणाऱ्याच्या मुलांस वाटावे की आपल्या बापानेच सण केला. असा वानवळा देणारा कानाच्या चाकरांसारखा होय. त्याला खरे काय ते ठाऊक असते आणि तो गप्प असतो.

६. अन्य धर्माचे सोयरे व शेजारी

आमच्यापैकी पुष्कळांची अर्धी भावकी हिंदू आहे. दिवाळीत चुलत्यांकडून फराळाचे ताट येते, ईदला शेजारी शिरखुर्मा पाठवितात. ते घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न नव्या विश्वासणाऱ्यांस सतावितो. पौलाने १ करिंथ १०:२५-३१ येथे याचा शांतपणे विचार केला आहे. कोणी जेवावयास बोलाविले व जावेसे वाटले तर वाढलेले निमूटपणे खावे, उगीच चौकशा करू नयेत. परंतु हा मूर्तीपुढचा नैवेद्य आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून तो घेऊ नये. म्हणजे पूजेत भाग न घेणे ही आपली निष्ठा, आणि प्रेमाने दिलेल्या लाडवाचा अपमान न करणे हीही आपली निष्ठाच. नकार द्यावा लागला तरी तो हात जोडून, गोड शब्दांनी द्यावा.

आणि ज्यांच्याकडून ताट आले त्यांच्याकडे नाताळात ताट गेलेच पाहिजे. रिकामे ताट परत करू नये, ही आपल्या आजीची शिकवण आहे. त्यात काही गूढ हेतू ठेवू नये. करंजी ही करंजीच असावी. ती प्रेमाने गेली तर आपले काम करील.

७. जे घरी नाहीत ते

या पाठाचा सर्वांत कठीण भाग आता येतो. आम्ही प्रियजनांबरोबर सण करण्याविषयी बोलत आहो. पण किती घरांत प्रियजन त्या दिवशी घरी असतात? बीड जिल्ह्यातून, आणि २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या पाथर्डीसारख्या भागांतून, दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणपणे हिवाळाभर चालतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांस परत येता येत नाही. म्हणून नाताळची रात्र कोणाच्या मुलाला सातारा-सांगलीकडे फडाशेजारच्या कोपीत काढावी लागते, आणि गावात म्हातारी आई एकटी दिवा लावून बसते. शहरात रखवालदारी किंवा धुणीभांडी करणाऱ्यांचीही अशीच गत असते; त्यांच्या मालकांच्या घरी सण, म्हणून त्यांस सुटी नाही.

अशा म्हाताऱ्या आईकडे फराळ पाठविणे पुरेसे नाही. तिला आपल्या घरी आणून आपल्या ताटावर बसवावे. जेवणाआधी मंडळीतील कोणा तरुणाने मोबाइलवरून तिच्या मुलाशी तिचे बोलणे करून द्यावे. मंडळीच्या प्रार्थनेत बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यावे. आणि त्यांच्या वाट्याचा एक डबा टिकाऊ पदार्थांनी भरून ठेवावा, किंवा त्या बाजूस कोणी जात असेल तर त्याच्याबरोबर धाडावा. हंगाम संपून ते परत आल्यावर, मग तो चैत्र का असेना, त्यांच्यासाठी एक जेवण करावे. तारीख शास्त्रात नाही, हे आपण वर पाहिलेच आहे. उशिराचा नाताळ हाही नाताळच.

ज्या मंडळ्या कारखान्यांच्या परिसरात आहेत त्यांच्यासाठी हा पाठ अधिक जवळचा आहे. तुमच्या बांधाला लागून ज्या कोप्या उभ्या आहेत त्यांत कोणाचे तरी प्रियजन आहेत. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हे अनुवादाच्या यादीत विचारलेले नाही. तेथे एकच शब्द आहे : उपरी. आपल्या प्रभूचा जन्मही प्रवासात, परक्या गावी, उतारशाळेत जागा न मिळालेल्या आईबापांच्या पोटी झाला. कोपीतल्या लहान मुलांस एक सकाळ गरम जेवण, अंगावर ऊबदार कपडा व चार गाणी देणे हे कोणत्याही मंडळीस जमण्यासारखे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. नहेम्याच्या पाचव्या अध्यायाचा आठव्या अध्यायाशी काय संबंध आहे? आपल्या मंडळीत भाऊ भावाचा ऋणको आहे काय, आणि सणाआधी त्याविषयी काय करता येईल?

२. अनुवाद १६ मधील यादी मुलांकडून पाठ म्हणवून घ्या. त्यातील कोणती माणसे गेल्या नाताळास आपल्या ताटावर होती?

३. आपल्या घरात नाताळच्या दिवशी सर्वांत शेवटी कोण जेवते?

४. कानाच्या लग्नात श्रेय कोणास मिळाले? गुप्तपणे मदत करणे इतके कठीण का जाते?

करावयाचे काम

उपदेशक बंधूंनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन नावनिशा तयार कराव्या : गावात एकटे राहणारे, बाहेरगावी कामास गेलेले, आणि बाहेरून येऊन गावात राबणारे. प्रत्येक नावासमोर मंडळीतील एका कुटुंबाचे नाव लिहावे व त्या कुटुंबाने जबाबदारी घ्यावी. ही कागदपट्टी सभेत वाचून दाखवू नये. पाळकाच्या बायबलात जपून ठेवावी. नाताळ झाल्यावर तिच्यावरून एक बोट फिरवावे. जेथे जेथे नावासमोर खूण झाली असेल तेथे सण पोहोचला असे समजावे, आणि जेथे झाली नसेल तेथे अजून जावयाचे आहे असे समजावे. वानवळा पाठविण्यास उशीर झाला तरी तो शिळा होत नाही.